माणूस असल्याचा दाखला

दाखला म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. आपण रांगेत उभं राहायचं आणि खिडकीपलीकडच्या साहेबानं वर न बघता म्हणायचं, उद्या या. पण जगाच्या इतिहासात एक खिडकी अशी होती की तिथून माणूस असल्याचाच दाखला सुटायचा. माणसाला गुलाम करायचा परवानाही तिथूनच मिळायचा. ती खिडकी रोमची. पोपची.

परवा अभ्यासवर्गात एक पोरगा म्हणाला, "व्हॅटिकननं २०२३ साली तो वसाहतीचा सिद्धान्त नाकारला. पोपनं माफी मागितली. मग आता जुनी मढी कशाला उकरायची?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याला शिव्या घालून उत्तर होत नाही. त्यासाठी कागद उलगडून बघावे लागतात.

आधी पोपची ताकद कशात होती ते बघू. सातव्या ग्रेगरीनं जर्मनांचा राजा चौथा हेन्री याला धर्मातून बहिष्कृत केलं. बहिष्कार काय चीज असते ते आपल्याला ठाऊक आहेच. फरक एवढाच की इथं तो राजावर पडला. सरदार टपलेलेच होते. राजा बहिष्कृत झाला, म्हणजे त्याच्याशी इमान राखायची शपथ सुटली. १०७७ च्या जानेवारीत हेन्री कनोसाच्या गढीपुढं तीन दिवस बर्फात उभा राहिला. माफीसाठी. ही गोष्ट पोपच्या विजयाची म्हणून सांगतात. पुढची कुणी सांगत नाही. सात वर्षांनी तोच हेन्री फौज घेऊन रोममध्ये घुसला, आपला वेगळा पोप बसवला, आणि ग्रेगरी १०८५ साली रोमबाहेर सालेर्नोत मेला. म्हणजे शब्द तोच, पोप तोच. सरदारांची गरज होती तेव्हा शब्द चालला. गरज संपली, शब्दही संपला.

हे ध्यानात ठेवून पुढं चला.

पोपच्या मोठ्या फर्मानाला बुल म्हणतात, त्याला लटकवलेल्या शिशाच्या मोहोरेवरून. १४५२ साली पाचव्या निकोलसनं पोर्तुगालच्या राजाला असं एक फर्मान दिलं. मुसलमान, मूर्तिपूजक आणि ख्रिस्ताचे इतर शत्रू यांचे मुलूख जिंकायला आणि त्यांना कायमचं गुलाम करायला मुभा. १४५५ साली दुसरं फर्मान, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा हक्क पक्का करणारं. आता तारखा बघा. पोर्तुगालच्या लागोस बंदरात १४४४ सालीच २३५ आफ्रिकी माणसं उतरवून वाटून घेतली होती. आईपासून लेकरं तोडली, नवऱ्यापासून बायका. खुद्द राजघराण्याच्या बखरकारानं ते रडणं लिहून ठेवलंय. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा घेत होता. म्हणजे पाप आधी झालं, शास्त्र मागून आलं. धंदा सुरू होता. त्याला मोहोर हवी होती, ती मिळाली.

१४९३ साली सहाव्या अलेक्झांडरनं अटलांटिकवर एक रेघ ओढली आणि पलीकडचे मुलूख स्पेनला देऊन टाकले. ज्यांचे मुलूख होते त्यांना पत्ताच नाही! पुढं १५१३ पासून स्पेनचे शिपाई एक जाहीरनामा वाचून दाखवू लागले. देवानं पोपला जग दिलं, पोपनं ही भूमी आमच्या राजाला दिली, मुकाट्यानं माना, नाहीतर लढाई आणि गुलामी. आणि दोष तुमचाच. हे वाचायचं स्पॅनिशमध्ये, ज्यांना तिचा शब्द कळत नाही त्यांच्यापुढं. कधी कधी तर ओस पडलेल्या गावापुढं. आपल्या डोक्यावरून संस्कृत गेलेलं आहे, त्यामुळं आपल्याला यात नवल वाटू नये.

आता दुसरा कागद. सगळे पाद्री एका माळेचे मणी नव्हते. १५११ साली हिस्पान्योला बेटावर मोन्तेसिनोस नावाच्या पाद्र्यानं भर प्रार्थनेत जमीनदारांना विचारलं की ही माणसं नाहीत काय. पुढं मिनाया नावाचा पाद्री असेच गाऱ्हाणे घेऊन थेट रोमला गेला. १५३७ च्या जूनमध्ये तिसऱ्या पॉलनं फर्मान काढलं : अमेरिकेतले मूळ रहिवासी खरोखरची माणसं आहेत, ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही. झाला दाखला! या फर्मानाला दात देणारा एक हुकूमही त्याच वेळी निघाला होता : गुलाम करणाऱ्याला धर्मबहिष्कार. वर्षभरात, १५३८ साली, सम्राट पाचव्या चार्ल्सनं दाब दिला आणि पोपनं दातांचा हुकूम मागं घेतला. फर्मान राहिलं, बोळकं होऊन. आणि याच तिसऱ्या पॉलनं १५४८ साली रोमच्या रहिवाशांना गुलाम बाळगायला परवानगी दिली.

मित्रांनो, गुलामीच्या कागदाला जहाजं मिळाली. मुक्तीच्या कागदाला दातही ठेवू दिले नाहीत. दोन्ही कागद एकाच खिडकीतले.

हीच गोष्ट आपल्याकडंही घडली. दे नोबिली हा जेझुइट १६०६ साली मदुराईत आला. ब्राह्मण संन्याशासारखा राहिला, मांसमच्छी सोडली, खालच्या जातीच्या ख्रिस्त्यांपासून अंतर ठेवलं. बाटलेल्या ब्राह्मणांनी जानवं, शेंडी, गंध ठेवावं की नाही, यावर १६१९ साली गोव्यात सभा भरली, वाद रोमला गेला. १६२३ साली पंधराव्या ग्रेगरीनं अटी घालून परवानगी दिली. शेवटी विनवणीही केली की कुळाचा ताठा असणाऱ्यांनी खालच्यांना तुच्छ मानू नये. जानव्याला परवानगी आणि समतेला विनवणी! १७०४ साली पोपच्या वकिलानं पाँडेचरीत हुकूम काढला की पाद्र्यांनी आजारी 'पारिया'च्या घरात जाऊन संस्कार द्यावेत. जेझुइटांना ते परवडेना, वरच्या जाती दुरावतील म्हणून. चाळीस वर्षं घोळ. १७४४ साली चौदाव्या बेनेडिक्टनं हुकूम कायम ठेवला आणि तोडही मान्य केली : पारियांसाठी वेगळे पाद्री. येशू एक, पाणवठे दोन.

रोमला ही भाषा बदलायला वेळ लागला. नोव्हेंबर २००३ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलनं तामिळनाडूच्या बिशपांना जातीचा दुजाभाव सोडायला सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले, दलितांतले पहिले. आनंद आहे. पण १६२३ पासून मोजा.

आता माफी. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस कॅनडात गेले. मूळ रहिवाशांच्या लेकरांना घरातून तोडून ज्या निवासी शाळांत डांबलं, त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. तिथंच एका प्रार्थनेच्या वेळी त्या लोकांनी फलक धरला : सिद्धान्त रद्द करा. आठ महिन्यांनी, ३० मार्च २०२३ ला, व्हॅटिकननं शोधाचा तो सिद्धान्त नाकारला. हे श्रेय त्या फलकाचंही आहे. पण निवेदनात म्हटलंय की फर्मानांचा गैरवापर वसाहतवाल्यांनी केला. वा! मोहोर आमची, हात त्यांचे! आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं याच सिद्धान्तावर १८२३ साली दिलेला निकाल, की मूळ रहिवाशांना जमिनीवर राहता येतं पण तिची मालकी त्यांची नाही, तो व्हॅटिकनच्या निवेदनानं हलत नाही. जमीन गेली ती गेलीच.

माफी फुकट असते असं मी म्हणत नाही. मेरीलँडच्या जेझुइटांनी १८३८ साली २७२ गुलाम विकले, कॉलेजचं कर्ज फेडायला. पुढच्याच वर्षी पोपनं गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. विकलेला एकही माणूस त्यानं परत आला नाही. त्यांच्या वंशजांनी एकत्र येऊन हिशोब मागितला, तेव्हा २०२१ साली जेझुइटांनी दहा कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं. पाठपुरावा चालू ठेवावा लागतोच. पण माफीला पहिल्यांदा दात फुटले ते वंशजांच्या तोंडात.

म्हणून त्या पोराला माझं म्हणणं एवढंच. कुणी माफी मागितली की बघ, या कागदानं मागणाऱ्याचं काय जातंय. काहीच जात नसेल तर घडी घालून ठेव, पुढं पुरावा म्हणून कामाला येईल. आणि हैती आठव. १७९१ साली तिथले गुलाम उठले. कुठल्या खिडकीपुढं रांग लावली नाही, आम्ही माणसं आहोत का म्हणून विचारलं नाही. १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाले. रोमनं हैतीशी करार केला तो १८६० साली.

छप्पन्न वर्षं ती माणसं दाखल्यावाचूनच माणसं होती.