छाट

सोलापूरजवळ कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत आहे. विडी वळणाऱ्या बायकांची दहा हजार घरं. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती त्यांना मिळाली. तिथल्याच एका अक्काची ही गोष्ट.

अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायची. सुपात तंबाखू, साच्यावर कापलेली पानं, दोरा. नवरा यंत्रमागावर, पगार गुत्त्यात जायचा आणि रात्री हात अक्कावर चालायचा. एकदा त्यानं तिचा उजवा हात पिरगळला. हात गेला की मजुरी गेली, मग मात्र ती कोर्टात गेली. दंडाधिकाऱ्यांनी संरक्षण आदेश दिला : नवऱ्यानं अंगाला हात लावायचा नाही, आणि आदेश पाळला जातोय की नाही हे संरक्षण अधिकाऱ्यांनी जातीनं बघायचं.

पंधरवडाभर घर शांत होतं. मग पुन्हा मार.

अक्का कागद घेऊन संरक्षण अधिकाऱ्यांच्या कचेरीत आली. साहेब म्हणाले, "अक्का, घरोघरी मातीच्या चुली. सोमवारी त्याला घेऊन या, समजावतो." जो आदेशाला भीक घालत नाही तो हिच्या बोलावण्यानं कसा येणार, हे साहेबांना सुचलं नाही. सोमवार आले, गेले.

पुढच्या खेपेला तिच्यासोबत शेजारणीची पोरगी होती, वकिलीचं शिकणारी.

अक्का म्हणाली, "साहेब, आमच्या विड्या चेकर बघतो. एखादी सैल निघाली की छाट. वळलेली फुकट जाते. तुमचं काम कोण बघतं?"

साहेब हसले. पोरगीनं पुस्तक उघडलं. "कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा, साहेब. कलम 31 : नवऱ्यानं संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता कलम 33. त्या आदेशात सांगितलेलं काम संरक्षण अधिकाऱ्यानं सबळ कारणाशिवाय केलं नाही तर..."

"तर?"

"तेवढंच. एक वर्ष, वीस हजार."

मारणारा आणि बघत बसणारा, दोघांना कायद्यानं एकाच मापात घातलंय. कायदा करणाऱ्यांना आपल्या कचेऱ्यांची चांगली ओळख असावी. खोच एवढीच, की अधिकाऱ्यावर खटला भरायला आधी राज्य सरकारची परवानगी लागते. म्हणजे चेकर आहे, पण मालकाला विचारल्याशिवाय छाट काढायची नाही. पोरगीला हे कलम 34 ठाऊक होतं. तिनं ते वाचलं नाही.

साहेबांनी चष्मा लावला, अहवाल लिहिला आणि दुपारच्या आत स्वतः ठाण्यात नेऊन दिला. आदेश मोडणं हा दखलपात्र गुन्हा. पोलिसांनी संध्याकाळी नवऱ्याला यंत्रमागावरूनच उचललं.

आठवड्यानं कुंभारीहून चार बायका कचेरीत आल्या. पुढची टेबलापाशी येऊन म्हणाली, "साहेब, ते तेहतीस नंबरवालं काम आमचंही आहे."