व्रण आणि सुरकुती

लग्नसराईच्या तोंडावर विरारमधील एका घरातून प्रश्न आला. थोरल्या मुलीच्या गालावर लहानपणी उकळते तेल उडाल्याचा व्रण आहे. तिच्यासाठी पेप्टाइडयुक्त सीरम आणले. तेच सीरम आई सुरकुत्यांसाठी लावू लागली, तेव्हा आजी रागावल्या : मुलीचे ठीक, पण तू अल्लाहची निर्मिती बदलते आहेस! सीरम एकच, मग हुकूम दोन कसे?

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्वचेतील कोलॅजन तुटले की त्याचे काही तुकडे पेशींना जणू निरोप देतात की नवे विणा. 1973 मध्ये लोरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवात तीन दुव्यांचे असे एक पेप्टाइड ओळखले. वयाबरोबर त्याचे प्रमाण घटते. म्हणजे दुरुस्तीची ही भाषा निर्मात्यानेच देहात ठेवली आहे. बाटलीतले सीरम तिची नक्कल करते, आणि तीही क्षीण, कारण त्वचेचा वरचा थर बाहेरचे फारसे आत येऊ देत नाही. जाहिरातीत हे नसते.

व्रणाच्या उपचाराबाबत शंका नको. सहाबी अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात गेले. चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले, पुरुषाला सोने निषिद्ध असूनही.

सुरकुतीबाबत आजींचा आधार खरा आहे. सौंदर्यासाठी गोंदणे व दात कोरणे यांचा हदीसमध्ये कठोर निषेध आहे. परंतु मक्काविजयाच्या दिवशी अबू बकर (रजि.) यांच्या वृद्ध वडिलांचे शुभ्र केस रंगविण्यास, मात्र काळा रंग टाळण्यास, प्रेषितांनीच (स.) फर्माविले. वार्धक्य नीटनेटके ठेवण्यास मनाई नाही. ते नाकारून दुसऱ्याला फसविण्यास आहे. सीरम काही कायमचे बदलत नाही. घटक हलाल असतील (कोलॅजनच्या गोळ्या डुकराच्या कातडीपासूनही बनतात, म्हणून चौकशी करावी) आणि खर्च ऐपतीतला असेल, तर आम्ही त्यास हराम म्हणू धजत नाही.

आम्हांला खटकते ते वेगळेच. पत्रात पुढे लिहिले आहे की मुलीला पाहायला पाहुणे येतील तेव्हा उरलासुरला व्रण मेकअपखाली झाकायचा, असे आजींनी ठरविले आहे. ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणाऱ्या विक्रेत्याला प्रेषितांनी (स.) काय सुनावले, हे आजींना ठाऊक असणारच. व्रणाची गोष्ट मुलाकडच्यांना आधीच सांगावी, आणि ती सांगायची की नाही हे मुलीलाही विचारावे; पत्रात तिचे मत कोठेच आलेले नाही.