समुद्र न पाहिलेला शेतकरी

अमेरिकेतील आयोवा राज्यात एके काळी गवताळ कुरणे आणि पाणथळ जागा होत्या. गवताची मुळे बारमाही जिवंत असत आणि मातीतले नत्र धरून ठेवीत. आज तेथे मका आणि सोयाबीन पिकतात. जमिनीखाली सच्छिद्र नळ पुरून पाण्याचा निचरा केला जातो. वसंतातील पावसात पिकाने न उचललेले नायट्रेट त्या नळांवाटे ओढ्यात, तेथून मिसिसिपीत आणि अखेर हजार किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिकोच्या आखातात पोहोचते. तेथे त्यावर सूक्ष्म शेवाळ माजते, मरते, कुजते, आणि तळच्या पाण्यातील प्राणवायू संपतो. मासे पळून जातात. ज्यांना पळता येत नाही, ते जीव गुदमरून मरतात. २०१७ च्या उन्हाळ्यात असे पाणी सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर पसरले होते.

हे पाप कोणाचे? शेतकऱ्याने कोणाचे वाईट चिंतिलेले नाही. खत कमी पडले तर पीक जाईल, ही त्याची भीती खोटी नव्हे. त्याचा वाटा इतका लहान, की तो वगळला तरी आखाताला कळणार नाही. असे प्रत्येकजण म्हणू शकतो, आणि प्रत्येकाचे म्हणणे खरेच असते! सेमिनरीत आम्हांला हेतू आणि कृती तपासायला शिकविले. बेरीज तपासायला नाही.

तरीही, ठाऊक नसणे वेगळे आणि ठाऊक करून न घेणे वेगळे. मका काढल्यावर राय पेरून रान झाकले, तर नत्राची गळती पुष्कळ कमी होते, हे तेथील कृषितज्ज्ञ सांगत आले आहेत. एवढे त्याने करावे, असे मला वाटते. मात्र बियाणे आणि मजुरी त्याची, लाभ लुइझियानातील अनोळखी कोळ्याचा. तेव्हा त्या खर्चाचा वाटा मका विकत घेणाऱ्यांनीही उचलावा.