माप कोणाचे घ्यावे?

धान्याच्या बाजारात पायली, अधोली, शेर ही मापे चालत, त्या काळी त्यांवर शिक्का मारलेला असे. विकणारा बहुधा सबळ आणि घेणारा दुबळा. दुबळ्याची फसगत होऊ नये, एवढ्यासाठी तो शिक्का. माप ही वस्तू मूळची केवळ गणिताची नसून न्यायाची आहे, हे यावरून ध्यानात येईल. ही गोष्ट आरंभीच सांगण्याचे कारण असे की, मापाने आता दुकानाचा उंबरठा ओलांडला असून, ज्या कामांची मोजदाद करण्याचे पूर्वी कोणाच्या मनातही आले नसते, त्या कामांवर त्याचा अंमल सुरू झाला आहे. दुकानाबाहेर आलेले हे माप अजून न्यायाचे राहिले आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारास घेणार आहोत. आणि विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एकच व्यवसाय डोळ्यांपुढे ठेवणार आहोत.

तो व्यवसाय ग्राफिक डिझाइनचा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली कमर्शिअल आर्टचा विभाग सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडील मध्यम वर्गास या कामाची ओळख आहे. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, विजेचे बिल, रेल्वे स्टेशनातील पाटी, बँकेचा अर्ज, मोबाइलच्या पडद्यावरील बटण, या सर्वांतील अक्षर, रंग आणि मोकळी जागा यांची मांडणी कोणीतरी विचारपूर्वक केलेली असते. आमचा एक जुना विद्यार्थी अशा कामाच्या एका गटाचा प्रमुख आहे; त्याच्या हाताखाली सात माणसे आहेत. पुढील वर्षाची प्रत्येकाची उद्दिष्टे आकड्यांत लिहून द्यावीत, असा त्यास वरून हुकूम झाला. दरमहा किती कामे, दर कामास किती तास, गिऱ्हाइकाकडून काम किती वेळा परत आले, असे रकानेही आखून आले. 'सर, यात काहीतरी चुकते आहे असे वाटते. पण काय, ते सांगता येत नाही,' असे तो आम्हांस म्हणाला. प्रश्न कचेरीतील दिसतो. परंतु एका माणसाने दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कशी ठरवावी, हा त्याचा गाभा आहे, आणि तो नीतीच्या प्रांतात मोडतो.

उद्दिष्टे ठरवून काम करण्याच्या या पद्धतीस पीटर ड्रकर यांच्या १९५४ सालच्या 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' या ग्रंथाने मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे १९८१ साली जॉर्ज डोरन या अमेरिकन लेखकाने चांगल्या उद्दिष्टाची पाच लक्षणे सांगितली. त्यांची आद्याक्षरे जुळवून झालेला 'स्मार्ट' हा शब्द आज कचेऱ्यांतून मंत्रासारखा म्हटला जातो. गंमत अशी की, प्रत्येक उद्दिष्टाच्या ठिकाणी ही पाचही लक्षणे असलीच पाहिजेत असे नाही, आणि काही कामांच्या बाबतीत आकडा घालण्याचा प्रयत्न करणे व्यवहार्य नसते, हे त्याच लेखात डोरन यांनी सांगून ठेवले होते. मंत्र सर्वांनी घेतला. त्याबरोबरचे पथ्य मात्र मागे राहिले.

याच्या उलट टोकास कलावंताचा पक्ष उभा आहे. 'कला मोजता येत नाही; सबब आमच्या वाटेस जाऊ नका,' असे तो म्हणतो. हा पक्ष आम्हांस मान्य नाही. स्वान्तःसुखाय चित्र काढणाऱ्यास हे उत्तर शोभेल. औषधाच्या चिठ्ठीची मांडणी करणाऱ्यास शोभणार नाही. एखाद्या आजीबाईस 'दिवसातून एकदा' हे शब्द वाचता आले नाहीत, तर ती मांडणी कितीही मनोहर असली तरी तिला चांगली म्हणता येणार नाही. दुसरे असे की, माप नाहीसे झाले म्हणजे तेथे स्वातंत्र्य नांदू लागते, ही समजूत भाबडेपणाची आहे. त्या मोकळ्या जागी वरिष्ठांची लहर येऊन बसते. 'साहेबांना हिरवा रंग आवडत नाही' एवढ्या कारणावरून ज्याचे महिन्याचे काम रद्द झाले आहे, त्यास विचारा. प्रामाणिक मापाची किंमत तो सांगेल. ज्याचा कोणी वशिला नाही, त्याचा आधार शेवटी मापच असते.

तेव्हा प्रश्न मोजावे की नाही हा नसून, काय मोजावे आणि कोणाच्या बाजूने मोजावे, हा आहे. या बाबतीत इंग्लंडातील रस्त्यांवरील पाट्यांचा इतिहास फार उद्‌बोधक आहे. तेथे १९५८ साली प्रेस्टनजवळ पहिला मोटारमार्ग खुला झाला. ताशी साठ-सत्तर मैल वेगाने जाणाऱ्या चालकास वाचता येतील अशा पाट्या जॉक किनेर यांनी मार्गरेट कॅल्व्हर्ट यांच्या साहाय्याने तयार केल्या. त्यांत गावांची नावे मोठ्या आणि लहान अशा दोन्ही लिपींत होती. दगडावर अक्षरे कोरण्यात निष्णात असलेले डेव्हिड किंडर्स्ली यांनी यास हरकत घेतली आणि केवळ मोठ्या लिपीतील स्वतःचे वळण पुढे केले. वाद वर्तमानपत्रांत गाजला. अखेरीस रस्ते-संशोधन प्रयोगशाळेने बेन्सन येथील विमानतळावर माणसे बसविली, मोटारीच्या टपावर पाट्या लावून ती मोटार त्यांच्या दिशेने चालविली आणि नाव किती अंतरावरून वाचता येते ते मोजले. किंडर्स्लींचे अक्षर सुमारे तीन टक्के सरस ठरले! तथापि एवढा अल्प फरक निर्णायक मानता येत नाही, म्हणून निवड रूपावरून करण्यास हरकत नाही, असा अभिप्राय संशोधकांनी दिला; आणि किनेर व कॅल्व्हर्ट यांचे अक्षर स्वीकारले गेले. १९६५ सालापासून ते साऱ्या ब्रिटनमधील रस्त्यांवर आहे.

या हकीकतीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, माप वाचणाऱ्याचे घेतले गेले. किनेर यांनी दिवसाकाठी किती अक्षरे रेखाटली, हे कोणी विचारले नाही. चालकास अक्षर कोठून दिसते, हे विचारले. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आकड्याचे बोलणे संपल्यावर त्यास आणखी बोलावयास लावले नाही. जेथे त्याची साक्ष संपली, तेथून पुढचा निर्णय माणसांनी आपल्या डोळ्यांनी केला आणि त्याची जबाबदारीही आपल्या शिरावर घेतली.

आता याच्या विरुद्ध उदाहरण पाहू. अमेरिकेत २००० साली झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लॉरिडा राज्यातील पाम बीच परगण्याच्या मतपत्रिकेवर दहा उमेदवार होते. परगण्यात वृद्धांची वस्ती मोठी. त्यांना वाचावयास त्रास होऊ नये, या सद्धेतूने अक्षरे मोठी ठेवली गेली आणि ती मावावीत म्हणून नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागून छिद्रे मधल्या पट्टीत दिली गेली. परिणाम असा झाला की, डावीकडील यादीत अल गोर यांचे नाव दुसरे, पण त्यांचे छिद्र तिसरे. दुसरे छिद्र उजवीकडील पॅट ब्यूकॅनन यांचे. ब्यूकॅनन यांना त्या परगण्यात ३,४०७ मते पडली. त्यांतील बरीच आपली नसावीत, असे खुद्द त्यांनीच पुढे म्हटले. एकाहून अधिक छिद्रे पडल्यामुळे बाद झालेल्या मतपत्रिका एकोणीस हजारांहून अधिक निघाल्या. साऱ्या राज्यातील अंतिम फरक अवघा ५३७ मतांचा होता. अक्षराच्या आकाराचे उद्दिष्ट येथे पुरेपूर साधले होते, आणि हेतूही दयेचा होता. फक्त ज्याचे माप घ्यावयाचे, ते राहून गेले. मतदाराचा हात योग्य छिद्राकडे जातो काय, हे पाहण्यास दहा-वीस वृद्धांना एका टेबलाशी बसविणे पुरले असते.

चुकीच्या मापाने काम बिघडते, हे झाले. परंतु त्याहून गंभीर गोष्ट ही की, त्याने माणूसही बिघडतो. १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे दाखविले की, एखाद्या निदर्शक आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की तो आकडा विश्वासास पात्र राहत नाही. आम्हां शिक्षकांस याचा पुरावा दूर शोधावयास नको. गुण हे ज्ञानाचे माप म्हणून निघाले. गुणच ध्येय झाले, तेव्हा 'अपेक्षित प्रश्नसंच' हीच विद्या झाली. डिझाइनच्या गटात हेच घडते. कामांची संख्या मोजली की एका भित्तिपत्रकाचे चार आकार केले जातात आणि चार कामे म्हणून लिहिले जातात. तास मोजले की जी पहिली कल्पना सुचली तीच शेवटची ठरते. काम परत येण्याचे प्रसंग मोजले की गिऱ्हाइकास न रुचणारे, पण हिताचे असे काही सुचविण्याचे धाडस कोणी करीत नाही. यांतील एकही मनुष्य स्वभावतः खोटा नसतो. मुलाबाळांचे पोट ज्या आकड्यावर अवलंबून आहे, तो आकडा सांभाळण्यास तो शिकतो, इतकेच. प्रामाणिक माणसास थोडे थोडे खोटे शिकविणारे माप नेमणे, हा दोष नेमणाऱ्याच्या पदरी पडतो.

येथे एक आक्षेप येईल, व तो वजनदार आहे. गूगल कंपनीत दोन निळ्या छटांपैकी एकही निवडता येईना, म्हणून त्यांमधील एक्केचाळीस छटांची परीक्षा चालली आहे, असे २००९ साली तेथून बाहेर पडताना डग्लस बोमन या डिझाइनरने लिहिले. क्षुल्लक निर्णयासाठीही आकड्यांचा पुरावा मागितला जातो, या गोष्टीला तो कंटाळला होता. लोक कंपनीस हसले. पण २०१४ साली त्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याने सांगितले की, छटेच्या अशा निवडीमुळे वर्षाला वीस कोटी डॉलरांचे उत्पन्न वाढले. मग हसणारे चुकले आणि माप बरोबर ठरले, असे म्हणावयाचे काय? आमच्या मते माप अचूकच होते. पण ते गल्ल्याचे होते. जाहिरातीवर किती बोटे पडली, हे त्याने सांगितले. ज्याचे बोट पडले त्यास हवे ते मिळाले की नाही, हे त्याने विचारले नाही. व्यापाऱ्याने गल्ला मोजण्यात पाप नाही. मात्र गल्ल्याच्या मापाला 'चांगले डिझाइन' हे नाव देऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.

या विचारास धरून आम्ही त्या विद्यार्थ्यास जे सुचविले, ते वाचकांपुढे ठेवतो. विजेच्या बिलाचे काम असेल, तर नवे बिल दहा ग्राहकांच्या हाती द्यावे आणि भरण्याची रक्कम व अखेरची तारीख त्यांतील किती जणांस न विचारता सापडली, ते मोजावे. अर्जाचे काम असेल, तर चुकीचे भरलेले अर्ज पूर्वी शेकडा किती येत आणि आता किती येतात, ते पाहावे. पडद्यावरील मजकूर प्रथम इंग्रजीत बसवून मग त्याच चौकटीत मराठी ओतली जाते. तेव्हा शिरोरेषेवरील मात्रा, वेलांट्या व रफार आणि खालचे उकार कापले जातात. 'दोन्ही भाषा एकाच दिवशी तयार' या उद्दिष्टाखाली हा अन्याय लपून राहतो. यास्तव मराठी वाचणाऱ्याचे माप वेगळे घ्यावे. मुद्रणदोष आणि मुदत ही अवश्य मोजावीत, परंतु ती साऱ्या गटाची; एकेकट्याची नव्हेत. माप कोणते, हे काम करणाऱ्यांनी मिळून आधी ठरवावे आणि ते निरुपयोगी ठरल्यास टाकून देण्याची मुभा असावी. आकडा पगारापासून शक्य तितका दूर ठेवावा. आणि नवशिक्यास शिकविण्यात किंवा फसलेल्या प्रयोगात गेलेला वेळ कोणत्याही रकान्यात घालू नये. तो बियाण्यासाठी राखलेल्या धान्यासारखा असतो, त्याचा हिशेब पुढच्या हंगामात लागतो.

हे सर्व नवे आहे, असाही आमचा दावा नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने घडविलेला तेथील देवनागरी ठसा आणि तेथील शुद्ध छपाई यांचा लौकिक पिढ्यान्‌पिढ्या टिकला. त्या छापखान्यात रोज किती फर्मे निघत, हा हिशेब मालकाने ठेवलाच असेल, ठेवावयासही हवा. परंतु संस्कृत पोथी उघडून बसलेल्या वाचकाचे डोळे शिणले नाहीत आणि पदोपदी शुद्धिपत्र पाहावे लागले नाही, या दुसऱ्या हिशेबामुळे त्याचे नाव राहिले.

हा दुसरा हिशेब ठेवण्याची जबाबदारी केवळ कचेऱ्यांवर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. दुर्बोध बिल निमूटपणे भरणारे, कापलेली मराठी चालवून घेणारे, आणि संध्याकाळी घरी आलेल्या मुलास 'आज काय समजले?' असे न विचारता 'किती मिळाले?' असे विचारणारे आपणच आहोत. जे माप आपण घरी वापरतो, तेच तो मुलगा उद्या कचेरीत घेऊन जाईल आणि त्याच मापाने दुसऱ्याचे काम मोजील.