रोस्टचे कोळी आणि रोस्टचा पाद्री

उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, नॉर्वेच्या लोफोतेन द्वीपमालेच्या अगदी टोकाला, रोस्ट नावाचे एक सपाट, वृक्षहीन बेट आहे. आणि माणसाचा चांगुलपणा हा त्याचा स्वतःचा गुण की केवळ मोहाच्या अभावाचा परिणाम, हा जुना प्रश्न ज्याला पुस्तकी वादाबाहेर नेऊन तपासायचा असेल, त्याला याहून सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. 1431 साली मद्याची पिंपे आणि मसाल्याचे जिन्नस भरून क्रीटहून फ्लँडर्सकडे निघालेले पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या उमरावाचे जहाज वादळात निकामी होऊन उत्तरेकडे भरकटले. त्यावरच्या 68 माणसांपैकी अखेर 11 जण तेवढे रोस्टजवळच्या एका निर्जन खडकावर तग धरून राहिले, 1432 च्या फेब्रुवारीच्या आरंभी बेटावरच्या कोळ्यांनी त्यांना होड्यांत घालून आणले, आणि मेच्या मध्यापर्यंत आपल्या घरांत ठेवून घेतले.

क्वेरिनीने व त्याच्या दोघा सोबत्यांनी लिहिलेल्या हकिकती पुढे रामूझिओच्या प्रवाससंग्रहात छापल्या गेल्या. त्या वाचताना मला नवल वाटते ते व्यापाऱ्याच्या नजरेचे, कारण अर्धमेल्या अवस्थेतही तिने बारीकसारीक तपशील टिपला आहे. बेटावर धान्य पिकत नाही. कॉड मासा, आपल्याकडे वलांडीवर बोंबील सुकवावेत तसा, मिठावाचून नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. तो लाकडासारखा टणक झाला की कुऱ्हाडीच्या पाठीने कुटून, लोणी घालून खातात. वस्ती साऱ्या 120 जणांची. दारांना आणि पेट्यांना कुलपे नाहीत; परक्या खलाशांच्या देखत घरातली माणसे, बायकामुलांसुद्धा, निःसंकोच कपडे उतरवून झोपी जातात; आणि आप्त निवर्तला तर, इतकी वर्षे त्याचा सहवास घडवलास, म्हणून देवाचे आभार मानायला देवळात जातात. पाहुण्यांना हे स्वर्गाचेच पहिले वर्तुळ वाटले.

आता यावर तत्त्ववेत्त्याची शंका ठरलेली आहे. चोरण्याजोगे काही नाही तेथे अचौर्याचे कौतुक कसले? कालिदासाने धीराची कसोटी मोहाच्या सान्निध्यातच लावली. मग मोहच न पाहिलेल्या या माणसांना निष्पाप म्हणावे, सज्जन कसे म्हणावे? शंका वजनदार आहे, आणि त्या हकिकतींत एक जर्मन पाद्री नसता तर तिला उत्तर देणे मला तरी जड गेले असते.

हा डोमिनिकन संन्यासी लॅटिन जाणणारा असल्याने साहजिकच पाहुण्यांचा दुभाष्या झाला. निघण्याची वेळ आली तेव्हा मुक्कामाबद्दल माणशी दरमहा दोन क्राउन अशी मागणी पाहुण्यांपुढे ठेवण्यात आली. पुरेशी रोकड नव्हती म्हणून त्यांनी चांदीचे सहा पेले, सहा काटे, सहा चमचे असा ऐवज पुढे केला, आणि दुभाषेपणाची दस्तुरी म्हणून त्यातला मोठा भाग पाद्रीबुवांनी स्वतःकडे वळवला. अपरिग्रहाचे व्रत घेतलेला मनुष्य! पुढे तो आपल्या आर्चबिशपच्या भेटीसाठी पाहुण्यांच्याच गलबतातून निघाला, आणि त्याला या प्राप्तीचा वाटा पोचवण्याचा हेतू त्यामागे होता, असे त्या दोघा सोबत्यांनी कडवटपणे नोंदवले आहे.

म्हणजे तोच वारा, तोच हिवाळा, तीच मासळी. आणि मोह बेटावर आला नव्हता असेही नाही, तो चांदीच्या पेल्यांच्या रूपाने प्रत्यक्ष घरात येऊन राहिला होता. कोळी व्यवहारशून्य होते म्हणावे, तर दरसाल वाळवलेली मासळी बर्गेनच्या बाजारात नेऊन कापड आणि इतर गरजेच्या वस्तू आणणाऱ्यांना हिशेब शिकवण्याची गरज नव्हती. उद्या आपणही असेच खडकावर पडू, म्हणून आज दुसऱ्याला वाचवावे, असा धूर्त विचार त्यांच्या माथी मारावा, तर व्हेनिसचा कोणता व्यापारी रोस्टच्या कोळ्याला सोडवायला येणार होता? बाकी आपल्या घरातल्या पुरवठ्याला हिवाळाभर अकरा तोंडे वाढली, हे त्या घरधनिणींना ठाऊक नव्हते असे मानणे हा त्यांचा अपमानच होय. निरोपाच्या दिवशी बेटकरांनी रडत रडत पाहुण्यांना मासळीच भेट दिली, आणि बर्गेनमध्ये तिचा भाव काय येतो, हे देणाऱ्यांना नेमके ठाऊक होते.