खर्च होतं ते काय?

एक सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वीतभर वायर. एवढ्या सामानात बल्ब पेटवून दाखवा, असं एमआयटीतून नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांना सांगितलं, तेव्हा त्यांच्यातले बरेचजण अडखळले. 1997 साली आलेल्या एका अमेरिकी माहितीपटात हे पाहायला मिळतं. वायरचं एक टोक सेलला, दुसरं बल्बला, की झालं, असंच अनेकांना वाटत होतं. ओहमचा नियम यांना झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता.

तो बल्ब डोळ्यांजवळ धरून पाहावा. काचेच्या आतल्या बारीक फिलामेंटला दोन पाय असतात. एक बुडाच्या टिकलीला डाख दिलेला, दुसरा पितळी आट्यांच्या कडेला. वाट एकीकडून आत येते आणि दुसरीकडून बाहेर पडते. सेलच्या एका टोकापासून निघून फिलामेंटमधून सेलच्या दुसऱ्या टोकापर्यंत ती अखंड असेल, तरच बल्ब लागतो. आपल्या पाठ्यपुस्तकात परिपथाची आकृती असतेच, पण मुलं ती भूमितीतल्या चौकोनासारखी पाठ करतात.

त्याखाली आणखी एक समजूत घट्ट बसलेली असते. बल्ब 'करंट खातो', म्हणून पुढे कमी करंट उरतो. न्यूझीलंडमध्ये 1980च्या सुमारास रॉजर ऑस्बर्न आणि सहकाऱ्यांनी मुलांशी बोलून ही समजूत नोंदवली. मग देशोदेशी तेच आढळत गेलं. मला यात मुलांचा मूर्खपणा दिसत नाही. सेल संपतो, महिनाअखेरीला बिल येतं, म्हणजे काहीतरी खर्च होतंच ना? खर्च होतं हे मुलांचं बरोबर आहे. काय खर्च होतं, हे मात्र आपण त्यांना कधी नीट सांगत नाही.

हे सांगायला बेंगळुरूइतकं सोयीचं गाव दुसरं नसेल. इथे वीज आली ती कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून. म्हैसूर संस्थानचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात आखलेली आणि जोली द लोटबिनिएर या अभियंत्याने उभी केलेली ती योजना 1902 साली सुरू झाली, तेव्हा पहिला मान कोलारच्या सोन्याच्या खाणींचा होता. शहराच्या मार्केट भागात दिवे लागले ते 1905 च्या ऑगस्टमध्ये. विजेचे दिवे लागलेलं आशियातलं पहिलं शहर आपलंच, असं इथले लोक हौसेने सांगतात. पण कोलकात्यात 1899 पासून वीज विकली जात होती, आणि दार्जिलिंगजवळचं सिद्रापाँगचं जलविद्युत केंद्र त्याहूनही जुनं, 1897चं. बढाई मारायचीच तर शिवनसमुद्र ते कोलार या सुमारे 147 किलोमीटरच्या तारेची मारावी. तेव्हा जगात इतक्या लांबीच्या वाहिन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

शिवनसमुद्रला पाणी कालव्याने वळवून मोठ्या नळांतून सुमारे चारशे फूट खाली सोडतात. जनित्रं फिरवून ते पुन्हा कावेरीत जातं. वर जितकं घेतलं तितकंच खाली मिळतं. या नदीच्या पाण्यावरून दोन राज्यं शतकभर भांडत आली, पण वीजघराने त्यातलं घोटभरही प्यायलेलं नाही. पाण्याची उंची तेवढी गेली. विद्युतधारेचंही तसंच आहे. बल्बमध्ये जितकी शिरते तितकीच बाहेर पडते, आणि विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, ही तिची उंची. अर्थात ही तुलना फार ताणू नये. नळ फुटला तर पाणी सांडतं. तार तुटली तर काहीच सांडत नाही, सगळ्या परिपथातला प्रवाह एकदम थांबतो.

कोलारच्या तारेत व्होल्टेज होतं तीस-पस्तीस हजार व्होल्ट. एवढं कशाला? हिशेब सोपा आहे. सोयीसाठी तीन फेजची भानगड बाजूला ठेवू. 3,000 किलोवॉट पाठवायचे आणि व्होल्टेज 30,000, तर धारा 100 अँपिअर. तेच 300 व्होल्टने पाठवायचे तर 10,000 अँपिअर. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे धारा शंभरपट, तर त्याच तारेतली नासाडी दहा हजारपट. खाणीपर्यंत काही पोचलंच नसतं. सूत्र दहावीच्या पुस्तकातलंच आहे. फक्त तिथे ते नुसत्या रोधाच्या गणितासाठी वापरतात, तारेपर्यंत जात नाहीत.

आणि गंमत अशी, की शिवनसमुद्रचा एकही इलेक्ट्रॉन कोलारला पोचला नसणार. प्रवाह उलटसुलट वाहणारा, त्यामुळे इलेक्ट्रॉन आपल्या जागीच किंचित मागेपुढे हलतात. शिवाय मध्ये ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या दोन वेटोळ्या एकमेकींना जोडलेल्याही नसतात. पोचली ती ऊर्जा. बेसकॉम या इथल्या वीज कंपनीच्या बिलावरचं युनिट म्हणजे किलोवॉट-तास, तेही ऊर्जेचंच माप. विद्युतधारा तर आपण दर क्षणी जशीच्या तशी परत करत असतो.

हे कुणाला खोटं वाटत असेल, तर मीटरबोर्डजवळची ती पेटी पाहावी, जिला आपण सरसकट ईएलसीबी म्हणतो आणि जिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. फेजमधून घरात आलेली आणि न्यूट्रलमधून परत गेलेली धारा सारखी आहे का, एवढंच ती अखंड ताडून पाहते. घरच्या पेटीत साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की धारा कुठेतरी भलतीकडे, कदाचित कुणाच्या अंगातून जमिनीत जातेय असं समजून ती तत्काळ ट्रिप होते. फ्रिज, गिझर, दिवे धारा 'खात' असते, तर ही पेटी क्षणभरही चालू राहिली नसती.

माझं म्हणणं एवढंच, की सूत्र थोडं थांबू शकतं. एकामागोमाग जोडलेल्या दोन सारख्या बल्बांपैकी कुठला जास्त उजळेल, हे मुलाला आधी विचारावं, त्याला ठामपणे चुकू द्यावं, आणि मग दोन्ही सारखेच उजळताना दाखवावेत. या एका प्रयोगाला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास शाळेला परवडत नाही, कारण परीक्षेत गणितं सुटली की मार्क मिळतात.

तेव्हा हे घरीच करा. बेंगळुरूकरांनी एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन एसपी रोडला जावं. दोन पेन्सिल सेल, टॉर्चचे दोन सारखे बल्ब, होल्डर आणि थोडी वायर फार महाग पडत नाही. वायर कुठे लावायची ते आधी सांगू नका. भिंतीतल्या सॉकेटपासून मात्र हे सगळं लांब ठेवा. तिथे 230 व्होल्ट आहेत.