सोंग आणि सत्य

नातीने नववीला आपल्या कन्याशाळेत नाट्य हा विषय निवडला, तेव्हा घरात प्रथम उपयोगाचा प्रश्न निघाला. त्याआड दडलेला प्रश्न मात्र जुनाच होता : मुलींना सोंग शिकवावे काय?

देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ साली आमच्या इंदुरातच झाला. वृद्धाच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख त्यात उघडपणे बोलले गेले. पण बोलला तो शारदेच्या वेषातील मुलगा. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. भल्या घरांतील संकोच तरीही पुष्कळ काळ टिकला. धाकट्या बहिणीला शाळेच्या स्नेहसंमेलनात काम करण्यास आम्हीच मनाई केली होती. तिचे हित आम्ही ठरविले. तिचे म्हणणे विचारले नाही.

खोटे बोलणारा ऐकणाऱ्याला फसवितो. नटाचे सोंग पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून अभिनयाला असत्य म्हणणे न्यायाचे नाही. नात सध्या एका खाष्ट सासूच्या भूमिकेची तयारी करीत आहे. "तिला राग का येतो हे कळल्याशिवाय वाक्य म्हणताच येत नाही, आजोबा," असे ती परवा म्हणाली. शासकीय सेवेत आम्ही शेकडो अर्ज निकालात काढले; अर्जदाराच्या जागी उभे राहण्याचा असा अभ्यास आम्हांला कोणी दिला नव्हता.

दुसऱ्याचे मन जाणणे ही नीतीची पहिली पायरी असेल, तर हा विषय वेळापत्रकात केवळ शोभेचा नव्हे. नातीच्या प्रयोगाला बहीणही येणार आहे. तिच्या शेजारी बसण्यापूर्वी तिची क्षमा मागावी, असे आम्ही ठरविले आहे.